जुन्या जपानी गिटारचे साल तिच्या क्रमांकात शोधताना

जुन्या जपानी इलेक्ट्रिक गिटारचे वय ओळखण्याचे एक सोपे सूत्र विकणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या तोंडी सारखे ऐकू येते. नेकप्लेटवरचा (नेक, म्हणजे गिटारची मान, बॉडीला जिथे स्क्रूंनी बसते तिथली धातूची पट्टी) किंवा हेडस्टॉकमागचा (तारा ताणायच्या खुंट्या असलेल्या टोकामागचा) क्रमांक पाहावा, त्याचे पहिले दोन अंक म्हणजे साल. क्रमांकच नसेल तर गिटार साठच्या दशकातली. हेडस्टॉक गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या गिटारसारखा असेल तर ती ‘लॉसूट’ (खटल्याच्या) काळातली, म्हणजे १९७७ च्या आधीची. आणि तरीही शंका उरली तर आतले पॉट (आवाज आणि टोन कमीजास्त करणारे फिरते नियंत्रक) पाहून त्यांवरचा आकडा वाचावा. या सूत्रातला जवळपास प्रत्येक तुकडा कोणत्या ना कोणत्या गिटारला लागू पडतो, म्हणूनच ते इतके टिकले आहे. मात्र एका गिटारवरून काढलेला नियम दुसरीला लावला की दहा-दहा वर्षांची चूक होते, आणि जुन्या गिटारच्या व्यवहारात दहा वर्षे म्हणजे किंमतीचा मोठा फरक.

सर्वांत मोठी गफलत पहिल्याच वाक्यात आहे. ‘जपानी क्रमांक’ अशी एक पद्धत कधीच नव्हती, कारण जपानी गिटारवर नाव एकाचे आणि कारखाना दुसऱ्याचा, हीच तिथली रीत होती. आयबानेझ हे नाव नागोयाच्या होशिनो गाक्की कंपनीचे, पण त्या नावाच्या बहुसंख्य चांगल्या गिटारी मात्सुमोतो शहरात १९६० साली सुरू झालेल्या फुजिगेन कारखान्यात तयार झाल्या. त्याच फुजिगेनमध्ये कंदा शोकाई या कंपनीच्या मालकीच्या ग्रेको नावाच्या गिटारी बनत आणि १९८२ पासून फेंडर जपानच्याही (अमेरिकन फेंडर कंपनीच्या जपानी उपक्रमाच्या) बनू लागल्या. त्याच शहरातल्या आणि १९८७ मध्ये बंद पडलेल्या मात्सुमोकू कारखान्यातून आरिया, वेस्टोन आणि एपिफोन या नावांच्या गिटारी बाहेर पडल्या. क्रमांक कसा घालायचा हे प्रत्येक नावाच्या मालकाने आपापल्या सोयीने ठरवले, आणि ती सोयही मधूनमधून बदलली.

आयबानेझचेच उदाहरण पाहू, कारण ‘पहिले दोन अंक’ हा नियम बहुधा तिथूनच उचललेला असावा. १९७५ च्या अखेरीपासून १९८६ पर्यंत आयबानेझच्या क्रमांकात आधी महिन्याचे अक्षर येई (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), मग सालाचे दोन अंक आणि शेवटी चार क्रमिक अंक. १९८७ पासून फुजिगेनमध्ये बनलेल्या गिटारींवर सुरुवातीचे एफ हे अक्षर कारखान्याचे झाले. त्यापुढे सालाचा एकच अंक आणि पाच क्रमिक अंक. आता एफ८११२३४ हा क्रमांक घ्या. जुन्या पद्धतीने तो जून १९८१ चा ठरतो आणि नव्या पद्धतीने १९८८ चा. अक्षर तेच, अंकांची संख्याही तीच. हा गुंता क्रमांक कितीही निरखून सुटत नाही. तो सुटतो गिटारकडे पाहिल्यावर: ती १९८७ मध्ये आलेल्या आरजी मालिकेतली असेल तर १९८१ चा प्रश्नच उद्भवत नाही, आणि चिकटवून जोडलेल्या नेकची जुनी ‘आर्टिस्ट’ मॉडेलची असेल तर १९८८ शी तिचा संबंध लावणे कठीण. म्हणजे आधी मॉडेल ओळखायचे आणि मगच क्रमांक वाचायचा. प्रचलित सूत्र हा क्रम नेमका उलटा सांगते.

इतर नावांकडे वळले की दोन अंकांचा आधारही उरत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या तोकाई गिटारींवर पहिला एकच अंक सालाचा असतो, तोही सालाचा शेवटचा अंक. यामाहाने ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून साल आणि महिना दोन्ही अक्षरांनी लिहिले: एच म्हणजे १, आय म्हणजे २, असे करत पी म्हणजे ९, आणि शेवटच्या तीन महिन्यांसाठी एक्स, वाय, झेड. सालाचे अक्षर फक्त शेवटचा अंक सांगत असल्यामुळे एन हे १९८७ चेही असू शकते आणि १९९७ चेही.

फेंडर जपानची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण तिथे लोक सर्वांत जास्त पैसे मोजतात. जेव्ही ही अक्षरे १९८२ ते १९८४ च्या गिटारींवर, एसक्यू १९८३ ते १९८४ च्या, आणि ई १९८४ ते १९८७ च्या. हे कालखंड एकमेकांत शिरलेले आहेत, त्यामुळे जेव्ही क्रमांकाच्या गिटारला छातीठोकपणे ‘१९८२’ म्हणणाऱ्याने ते आणखी कशावरून ठरवले, हे सांगायला हवे. शिवाय अमेरिकेत बनलेल्या फेंडरवरही ई हे अक्षर ऐंशीच्या दशकासाठी वापरले गेले, पण त्याचा अर्थ वेगळा लागतो. आणि ए हे अक्षर तर दोनदा आले: ‘मेड इन जपान’ या शब्दांसोबत असेल तर १९८५–८६, ‘क्राफ्टेड इन जपान’ या शब्दांसोबत असेल तर १९९७–९८. क्रमांक सांगताना शेजारचे शब्द गाळले की बारा वर्षे गायब होतात.

सूत्रात नसलेला, पण त्याच्याच तर्काने होणारा एक घोटाळा इथे सांगायला हवा. फेंडर जपानच्या ‘एसटी५७-६५’ या मॉडेलमधला ५७ हा आकडा ज्या अमेरिकन गिटारची ती प्रतिकृती आहे तिचे साल सांगतो आणि ६५ हा आकडा किंमत सांगतो: ६५,००० येन. ग्रेकोची ईजी-५०० ही ५०,००० येनांची गिटार होती. यांतला एकही आकडा गिटार बनल्याचे साल नाही. त्यातच जपानमध्ये साल शोवा कालगणनेनेही लिहिले जाते. मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. पंचांगातल्या शके आकड्यात ७८ मिळवून आपण इसवी सन काढतो, तसे शोवा आकड्यात १९२५ मिळवायचे. के. यायरीच्या अकूस्टिक गिटारींत ठोकलेला ५० हा आकडा शोवा ५०, म्हणजे १९७५ आहे. जपानी गिटारवर ५७ दिसला म्हणून १९५७ म्हणणाऱ्याने हे दोन्ही पर्याय आधी बाजूला सारायला हवेत.

क्रमांक नाही म्हणजे साठचे दशक, हा दावा तर जवळजवळ उलटाच आहे. आयबानेझवर १९७५ च्या अखेरीपर्यंत क्रमांक नव्हते, त्यामुळे बिनक्रमांकाची आयबानेझ सत्तरच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातली असण्याचीच शक्यता जास्त. याउलट साठच्या दशकातल्या तेइस्को या जपानी नावाच्या कितीतरी गिटारींच्या नेकप्लेटवर क्रमांक असतो, पण त्यातून साल काढण्याची भरवशाची रीत नाही. तिथे पिकअप (तारांची कंपने पकडणारे भाग), स्विच, हेडस्टॉकचा आकार आणि जुनी कॅटलॉगे हीच साधने. तेइस्को १९६७ मध्ये कावाईच्या ताब्यात गेली आणि नाव पुढेही चालू राहिले, हेही लक्षात ठेवावे.

आता ‘लॉसूट’. गिब्सनची तेव्हाची मालक कंपनी नॉर्लिन हिने २८ जून १९७७ रोजी फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात खटला भरला तो एल्गर या कंपनीवर, म्हणजे आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर. तक्रार उघड्या पुस्तकासारख्या हेडस्टॉकबद्दल होती. १९७८ च्या सुरुवातीला न्यायालयाबाहेर तडजोड झाली. निकाल लागलाच नाही, बंदी तर दूरच. खटला उभा राहिला तोवर आयबानेझने तो आकार बदललाही होता. म्हणून तसा हेडस्टॉक असलेल्या आयबानेझबद्दल सूत्र बरोबर निघते, एवढे मान्य. पण ग्रेको, बर्नी किंवा तोकाई या खटल्यात पक्षकार नव्हत्या आणि जपानच्या बाजारासाठी त्यांनी तोच आकार ऐंशीच्या दशकातही चालू ठेवला. तोकाईची, गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलच्या धर्तीची गिटार तर १९७८ मध्ये आली. तिला ‘१९७७ च्या आधीची लॉसूट गिटार’ म्हणणे म्हणजे जन्माआधीच वय मोजणे होय. ‘लॉसूट’ हा शब्द जाहिरातीत दिसला की त्यावरून फक्त विकणाऱ्याचा उत्साह कळतो.

राहता राहिले पॉट. १३७७९१२ असा आकडा म्हणजे सीटीएस कंपनी, १९७९ साल, बारावा आठवडा, हे वाचन अचूक आहे, पण ती अमेरिकन पद्धत आहे. जपानी पॉटवर ती लागू नाही. तिथले ठसे उत्पादकागणिक वेगळे. आणि पॉटचा ठसा वाचता आला तरी त्यातून एवढेच ठरते की, तो पॉट मूळचा असेल तर, गिटार त्याआधीची नाही. पॉट कारखान्याच्या कपाटात किती काळ पडून होता हे त्यावर लिहिलेले नसते. नेकप्लेटचेही तसेच. ती चार स्क्रूंनी बसते आणि चार स्क्रू काढून बदलता येते, त्यामुळे जेव्ही क्रमांकाची प्लेट ही गिटार जेव्ही असल्याचा पुरावा होत नाही. नेक सुटी करून तिच्या टाचेवरचा ठसा किंवा पेन्सिलीची नोंद, बॉडीतल्या खाचेतला ठसा आणि पिकअपची पाठ यांची छायाचित्रे मागावीत आणि ती मॉडेलच्या कॅटलॉगशी ताडून पाहावीत. एवढे करूनही बहुतेक वेळा हाती येतो तो ‘१९८२ ते १९८४’ असा पट्टा, आणि विक्रीच्या चिठ्ठीवर तो तसाच लिहावा.