"बाकीचे तयार आहेत, ताई"

आज दुपारी एका पोराचा मेसेज आला. पूर्वी माझ्याकडे गालिचे धुण्याच्या कामाला होता, पाइप ओढण्यापासून शिकला, आता हप्त्यावर स्वतःचं मशीन घेतलंय. मेसेजमध्ये एका मोठ्या हाउसकीपिंग कंपनीचं रेटशीट आणि खाली एक ओळ: "ताई, घेऊ का? ते म्हणतायत बाकीचे तयार आहेत."

रेटशीट पाहून डोकंच फिरलं. आपण थेट गिऱ्हाइकाला जो भाव सांगतो त्याच्या निम्माही नाही. वर मशीन आपलं, केमिकल आपलं, माणसं आपली, गाडी आपली. त्यांचं काय? त्यांच्या लोगोचा टी-शर्ट. पेमेंट ९० दिवसांनी. आणि तळाशी बारीक अक्षरांत, 'कामात त्रुटी आढळल्यास योग्य ती रक्कम कापली जाईल.' त्रुटी कोण ठरवणार, योग्य म्हणजे किती, याबद्दल अवाक्षर नाही.

माझ्या यादीतले बरेच जण याच धंद्यातले आहेत, त्यामुळे गालिचा धुणं म्हणजे ओलं फडकं फिरवणं नव्हे हे तुम्हाला सांगायला नको. मग सरळच लिहिते. लहान कार्पेट क्लीनिंगवाल्याने असलं पोटकंत्राट घेऊ नये. "सध्या घेऊन तर बघू" म्हणूनही नको.

टी-शर्टवरून आठवलं. तो मीही एकदा अंगात घातलाय. ऑफिसचं काम होतं, रात्रीचं, अख्खा मजला. सुपरवायझर दारातच म्हणाला, "मॅडम, व्हॅक्यूम-बिक्यूम राहू द्या, डायरेक्ट पाणी मारा, सकाळी स्टाफ येतो." अरे बाबा, गालिच्यातली बहुतेक घाण कोरडी असते. माती, वाळूचे कण, केस. ती आधी ओढून घेतली नाही तर पाणी पडल्यावर तिचा चिखल होतो आणि लवेच्या मुळाशी जाऊन बसतो. हे माझं खूळ नाही. आयआयसीआरसी ही सफाईच्या धंद्याची मानकं ठरवणारी संस्था १९७२ पासून आहे, तिच्या लोकांना विचारा, तेही पहिलं हेच सांगतील की आधी कोरडी घाण काढा. मी व्हॅक्यूम मारला. तो घड्याळ बघत उभा.

मग गरम पाणी सोडलं आणि टाकीत फेसच फेस. आमच्याआधी कुठली तरी टीम शाम्पू मारून गेली होती आणि तो धुऊन काढायची तसदी कुणी घेतली नव्हती. ज्याने हे काम केलंय त्याला माहीत आहे, टाकी भरली की ओढ बंद करणारा फ्लोट फेसाला अडवत नाही, फेस सरळ व्हॅक्यूमच्या मोटरीत शिरतो. मोटर गेली की त्या कामाची कमाई गेलीच, पुढच्या कामाचीही गेली. मग फेस मारायचं डीफोमर ओता, थांबा, टाकी ओढत बाथरूमपर्यंत न्या, रिकामी करा, परत या. बाथरूम मजल्याच्या दुसऱ्या टोकाला. पाणी मात्र फारच काळं निघालं, आणि खोटं कशाला बोलू, ते काळं पाणी बघून मला बरंही वाटत होतं.

या सगळ्याला रेटशीटमध्ये रकाना कुठे आहे सांगा. फुटाचा भाव म्हणजे क्षेत्रफळाचा भाव. आपला खर्च होतो वेळेत. गेटपास होईपर्यंत खाली ताटकळणं, सामानाची लिफ्ट बंद म्हणून मशीन जिन्याने चढवणं, खुर्च्या हलवणं आणि परत जिथल्या तिथे लावणं, धुण्याआधीचं केमिकल, म्हणजे प्री-स्प्रे, मारून १० ते १५ मिनिटं मुरू देणं. मुरू देणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे हो, केमिकल तेव्हाच काम करत असतं! पण त्या भावात तुम्हाला ती १५ मिनिटंही परवडत नाहीत. मग माणूस काय करतो? मुरू देत नाही. केमिकल कडक करतो. पाणी न सोडता नुसतं सुकं ओढायचे दोन हात मारायच्या जागी एकच मारतो. गालिचा ओला राहतो, आणि २४ ते ४८ तास ओला राहिलेल्या गालिच्यात बुरशी धरायला लागते. वास येतो. शिव्या कुणाला? तुम्हाला.

आणि वर्क ऑर्डर बघितलीत कधी नीट? किती फूट आणि कितवा मजला, बस. धागा कुठला, ते नाही. मी स्वतःचं काम घेते तेव्हा आधी जाऊन बघते. कोपऱ्यातला एक धागा ओढायचा, बाहेर नेऊन काडी लावायची. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर नायलॉन नाहीतर पॉलिएस्टर. लोकरीला कडक अल्कली चालत नाही, आणि ती आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओलावा पिऊनही हाताला कोरडी लागते, म्हणजे "सुकला" म्हणून निघून आलात की फसलात. रेशमासारखा दिसणारा व्हिस्कोस असेल तर तोंडात बोट घालायची वेळ. जरा जास्त पाणी पडलं की लव चपटी, रंग पिवळा, आणि परत पहिल्यासारखी होणे नाही. पोटकंत्राटात हे बघायला कोण पाठवतं तुम्हाला? रात्री जायचं, मारायचं, निघायचं. नुकसान झालं तर मात्र "तुम्ही एक्स्पर्ट ना?"

त्याच ऑफिसात दुसऱ्या दिवशी दोन जागी डाग वर आले. यायचेच होते. खाली मुळाशी जिरलेलं जुनं काहीतरी असतं, गालिचा सुकताना ओलाव्याबरोबर ते लवेच्या टोकाशी चढतं. घरचं गिऱ्हाईक असतं तर मी आधीच सांगून ठेवते, डाग परत दिसला तर फोन करा, येऊन काढून देते, पैसे नाहीत. जाते, अर्ध्या तासात काढून येते, गिऱ्हाईक आणखी चार जणांना सांगतं. इथे काय झालं? फोन मला आलाच नाही. फोन कंपनीला गेला, कंपनीने दुसरीच टीम पाठवली आणि तिचा खर्च माझ्या बिलातून कापला. मला कळलं कधी, तर पेमेंट आलं तेव्हा! काढून दिले असते की हो मी ते डाग!! एका स्पॉटिंगचं, नुसते डाग काढायचं काम होतं!

असो. जरा पाणी पिऊन आले.

हो, मशीनचा हप्ता कुणासाठी थांबत नाही, हे मान्य. रिकामं मशीन दारात उभं बघून झोप येत नाही, तेही माहीत आहे. आणि काही मोठ्या इमारतींत लहान माणसाला थेट कुणी उभंही करत नाही, हेही खरंच आहे. पण मला सांगा, अशा कामाने हप्ता निघतो का? ९० दिवस तुमचा पैसा त्यांच्याकडे. तोवर डिझेल तुमचं, पगार तुमचे. मोठ्या कंपनीला बिनव्याजी उधार देणारे आपण कोण लागून गेलो? आणि ज्या रात्री तुम्ही तिथे राबता, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या घरून फोन आला तर तुम्ही झोपेत असता. ते घर गेलं. घरवाले वाट बघत नाहीत, दुसरा नंबर फिरवतात.

कुणीतरी खाली लिहिणारच, "ताई, अनुभव मिळतो, ओळखी होतात." अनुभव मिळतो, ठीक आहे. ओळखीचं मात्र मला सांगू नका. त्या रात्री पहाटेकडे आम्ही पाइप गुंडाळत होतो तेव्हा तिथल्या अ‍ॅडमिनच्या बाई लवकर आल्या. वाकून गालिच्यावर हात फिरवला, म्हणाल्या, "याचा रंग असा आहे हे मला माहीतच नव्हतं. तुमचा नंबर द्या ना, घरीही करून घ्यायचंय." माझं कार्ड खिशात होतं. आणि छातीवर दुसऱ्याचा लोगो. कंपनीच्या कागदावर सही केलेली होती की त्यांच्या गिऱ्हाइकाशी थेट व्यवहार करणार नाही. मी त्यांना टी-शर्टवरचा नंबर वाचून दाखवला. सही केली म्हणजे केली, शब्द मोडायची सवय नाही आपल्याला. पण बाई ज्या कामावर खूश झाल्या ते काम माझ्या पोरांच्या हातचं होतं, आणि त्यांच्या लक्षात नाव राहिलं त्या कंपनीचं. गाळलेल्या घामाचं तुमच्या नावावर काही जमाच होत नाही. पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा तिथेच, त्याच भावाला, कदाचित आणखी कमी.

"बाकीचे तयार आहेत." कोण बाकीचे? हे वाक्य ते प्रत्येकाला म्हणतात. मला म्हणाले, त्या पोराला म्हणाले, तुम्हालाही म्हणाले असतील. आपण एकमेकांना फोन करून विचारत नाही म्हणून त्यांचं फावतं. आणि खरंच कुणी तयार असेल, तर असू दे. तो शाम्पू मारून तसाच सोडून येणार आहे, कारण त्या भावात दुसरं काही करता येत नाही. त्याला मी वाईट म्हणणार नाही. भाव वाईट आहे.

त्या पोराला मी काय सांगितलं ते लिहिते, कदाचित आणखी कुणाच्या उपयोगी पडेल. राजा, कागद काढ. त्या एका रात्रीचे तास मांड, घरातून निघाल्यापासून मशीन धुऊन परत ठेवेपर्यंतचे. दोन माणसांची मजुरी, तेल, केमिकल, आणि मशीनची झीज. झीज सगळेच विसरतात, पण पंप, होज, गालिच्यावर फिरवायची वँड, मोटर, सगळं एक दिवस तुझ्याच खिशातून यायचंय. मग काय उरतं ते बघ. उरलंच काही, तर त्यांना लेखी विचार: आधी पाहणी करू देणार का, डाग परत आले तर पहिली संधी मला देणार का, निम्मे पैसे आगाऊ देणार का. एकालाही "नाही" म्हणाले तर त्या रात्री घरी झोप. आणि सकाळी उठून जुन्या गिऱ्हाइकांना फोन लाव, वर्ष झालेल्यांना. लाज वाटते फोन करायला, मला माहीत आहे, मलाही वाटायची. पण ते लोक तुला ओळखतात. त्यांना तुझ्याचकडून करून घ्यायचं असतं, फक्त आठवण राहिलेली नसते.

थोडा वेळ "टायपिंग" दिसत राहिलं. मग त्याने विचारलं, "ताई, आणि फोन करूनही काम नाही आलं तर?" यावर माझ्याकडे फार छान उत्तर नव्हतं. म्हटलं, मग मला फोन कर, माझ्याकडचं एखादं काम देते.

आणि ते मी नुसतं बोलायला बोललेले नाही. दुसऱ्याचं काम करण्याला माझा विरोध नाहीच. माझ्याकडे हाताबाहेर काम आलं की मी ओळखीतल्याला देते, गिऱ्हाइकाला त्याचं नाव सांगून, माझाच भाव लावून, शोधून आणल्याचा छोटा हिस्सा ठेवून. पैसे काम झालं त्याच दिवशी. एवढंसं मशीन असलेल्या मला हे जमतं, तर एवढाल्या ऑफिसात बसलेल्यांना का जमू नये?

सध्या माझ्याकडे एक शाळेचं सभागृह आणि दोन घरं जास्तीची आहेत. सभागृह नायलॉनचं आहे, बघून आलेय. एका घरात लोकरीचा जुना गालिचा आहे, तो सवय असलेल्यानेच घ्यावा. ज्याला हवंय त्याने इनबॉक्समध्ये या. बिल तुमच्या नावाचं, टी-शर्ट तुमचा.