चांगला मॉनिटर भंगारात घालणारा शहाणा मीच

चौदा वर्षं एकच मॉनिटर वापरला. खालचे कॉम्प्युटर चार बदलले, हा जागचा हलला नाही. २४ इंची, आयपीएस पॅनल (कुठल्याही बाजूने बघा, रंग तसेच), १९२० बाय १२०० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. आणि मी अकलेचा कांदा, तो उचलून भंगारवाल्याला देऊन बसलो!

का, तर चालू व्हायला वेळ लावायचा. बटण दाबलं की दिवा लुकलुकणार, चित्र येणार, जाणार, मग पाचेक मिनिटांनी गाडी रुळावर. घरात रोज तेच टुमणं, "ते धूड काढा एकदाचं." आता कळतंय, की हे पॉवर सप्लायच्या बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, फुगल्याचं अगदी नेहमीचं लक्षण. डोकी वर आलेली नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हात बसलेल्या माणसाला दोन-चार कपॅसिटर बदलायला कितीसा वेळ लागतो? पण मागचं झाकण उघडून बघायचासुद्धा धीर धरला नाही मी.

मग आला नवा. २७ इंची! बारीक कडा! खोक्यावर भल्यामोठ्या अक्षरांत '१ मिलिसेकंद', म्हणजे चित्र झटकन बदलतं म्हणे. अरे, मी काय दिवसभर गेम खेळत बसणार आहे? मला मजकूर वाचायचा असतो, आणि तोच धड दिसत नाही. १९२० बाय १०८०! म्हणजे पडदा वाढला आणि पिक्सेल घटले. जुन्यात इंचाला ९४ पिक्सेल होते, यात जेमतेम ८२. 'सर्वांत' लिहिलं की रफार आणि अनुस्वार एकमेकांत लडबडतात, वर नुसता काजळाचा ठिपका. खालच्या १२० ओळी गेल्या त्या वेगळ्याच. टीव्हीचं माप कामाच्या टेबलावर आणून कुणाचं भलं झालं, देव जाणे.

स्टँडबद्दल तर बोलूच नका. जुना वर-खाली व्हायचा, आडव्याचा उभा व्हायचा. नव्याला दोन फताडे पाय, टाइप करायला लागलं की डुगडुगतो. उंची बदलायची सोयच नाही, म्हणून खाली दोन जाडजूड शब्दकोश. टेबलाला आर्म लावून त्यावर टांगू म्हटलं, तर मागे त्यासाठी लागणारी वेसा मापाची चार भोकंसुद्धा पाडलेली नाहीत! चार भोकं!

रात्री ब्राइटनेस उतरवला की तासाभरात कपाळ ठणकायला लागतं. मोबाइलचा कॅमेरा समोर धरला, तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले. म्हणजे उजेड कमी करायचा म्हणून बॅकलाइटची, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याची, भराभर उघडझाप चाललेली. जुन्यातल्या बॅकलाइटच्या ट्यूबाही तसंच करत असतील, वीजही जास्त खायच्या, तापायच्याही. पण चौदा वर्षांत डोकं म्हणून कधी दुखलं नाही.

परवा ऑफिसातून दोन जुने १९२० बाय १२०० भंगारात निघाले होते. दोन्ही काखोटीला मारून घरी आणले. एक वापरायला, एक पलंगाखाली. टुमणं पुन्हा सुरू झालंय, होऊ दे. पण मागे केबल जोडायला नुसतं डीव्हीआय आणि व्हीजीए, ही जुन्या पद्धतीची सॉकेटं, आणि माझ्या कॉम्प्युटरला त्यातलं डीव्हीआय तेवढं आहे. दोन दिवस ती केबल शोधत अख्खं कपाट उपसलं, तेव्हा आठवलं. जुना मॉनिटर देताना "ही पण घेऊन जा" म्हणत मीच ती भंगारवाल्याच्या हातात कोंबली होती.