डाव्या पंखाला दोनच भोकं

घासायला हजार नंबरचा बारीक वॉटर पेपर आणि फट बुजवायला लांबीचा छोटा डबा, एवढंच हवं होतं. फट दाखवूनच विचारावं म्हणून माझ्या मॉडेल विमानाचे पंख टिफिनच्या डब्यात घालून नेले. हार्डवेअरवाल्याने आत डोकावून परस्पर निकाल दिला, "मुलाचं प्रोजेक्ट." मला मूल नाही. सत्तेचाळिशीचा माणूस स्वतःसाठी विमान जोडतो, हे सांगायला तोंड उघडेपर्यंत काउंटरला टेकून चहा पिणाऱ्या एका रंगाऱ्याने उजवा पंख उचललासुद्धा.

"साहेब, माल फॉल्टी आलाय."

"कसा?"

"ह्याला चार भोकं, त्याला दोन. बदलून घ्या."

हे विमान म्हणजे ब्रिस्टल ब्युफायटर. दोन इंजिनांचं, १९३९ साली पहिल्यांदा उडालेलं ब्रिटिश धूड. पोटात २० मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांत सहा मशीनगन. त्यातल्या उजवीकडे चार आणि डावीकडे दोन, कारण डाव्या पंखात उतरतानाचे दिवे. हे सगळं मी सांगितलं. चूक नव्हे, पण उपयोगही शून्य.

"म्हणजे दिवेपण एकाच बाजूला?" त्याने चहा खाली ठेवला. "मग सेटच गेला तुमचा."

"खऱ्या विमानालाच तसं होतं, काका."

"असं कंपनी सांगते. कंपनीचं काय जातंय?" त्याने कानावरची पेन्सिल काढून डाव्या पंखावर दोन टिंबं मारली. "ड्रिल आहे माझ्याकडे. आत्ता सारखं करून देतो. पैसे नकोत." फ्लशच्या टाकीचा बॉल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानेही पंख डोळ्यांसमोर धरला आणि दोन्हीकडे सारखी असलेली बरी, असं मत नोंदवलं. दोन्ही पंख मिळून जेमतेम वीतभर, त्यावर तीन माणसांची समिती.

"रंग कुठला?"

"काळा. मॅट. रात्री लढायचं ते."

"फळ्याचा रंग मारा, दोन हात. फटीत एमसील. तुम्ही जाल, ते हलणार नाही."

जॉन कनिंगहॅम नावाचा वैमानिक याच विमानातून रात्री जर्मन बॉम्बर पाडायचा. पाडायचा रडारच्या जिवावर, पण ते गुपित राहावं म्हणून त्याला गाजरं खाऊन अंधारात दिसतं, असं पसरवलं गेलं. आमची आई कोशिंबीर वाढताना अजून तेच सांगते. ब्रिटिशांची थाप ऐंशी वर्षं टिकते आणि माझं खरं काउंटरवर पाच मिनिटं टिकत नाही.

बरं, शौक स्वस्त असता तरी चाललं असतं. बाहेरून मागवायचं तर किमतीवर कस्टम, वर कुरिअर. गोंद आणि रंग पेट घेतात म्हणून विमानाने येत नाहीत; विमानाचा गोंद! आणि आमच्या सोसायटीत लाखाच्या सायकलवर टॉवेल वाळत घालणाऱ्याला कुणी "मुलाची का?" विचारत नाही.

शेवटी कळलं, हजार नंबर संपलाय. "शंभर आहे," दुकानदार म्हणाला, "जरा हळू घासा." शंभरने घासल्यावर पंखावरच्या केसाएवढ्या रेषाच काय, पंखही उरला नसता. नको म्हणेपर्यंत त्याने रोलमधून पट्टी फाडून गुंडाळलीही होती. मी ती मागे सरकवली.

"कापलेला माल परत होत नसतो, साहेब," रंगारी म्हणाला.