‘२०० मैल रेंजचा एचडी अँटेना घ्या’: त्या मेसेजमधला एकेक दावा

अमेरिकेत लहान गावांत राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी तर त्याप्रमाणे खरेदीही करून टाकली होती. मजकूर थोडक्यात असा: ‘साधा अँटेना एचडी पकडत नाही. २०० मैल रेंजचा ४के एचडी अँटेना घ्या आणि खिडकीला चिकटवा. चॅनेल कमी आली तर ॲम्प्लिफायर लावा. तरीही जमलं नाही तर डिश कंपनीला मोठ्या शहरातला पत्ता द्या, तिथली लोकल चॅनेल्स मिळतात. नाहीतरी नवीन सिस्टिम येतेय, जुने अँटेना भंगारात जाणार. डिश केव्हाही जास्त भरवशाची.’

लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेल. पण या मेसेजपायी लोकांचे पैसे वाया जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘आपल्याकडे काही दिसतच नाही’ असं ठरवून ते लोकल चॅनेल्सचा नादच सोडतात. आम्ही आयोवात राहतो, राजधानी डी मॉइनच्या पूर्वेला, चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन. डी मॉइनच्या मोठ्या स्टेशनांचे टॉवर शहरात नाहीत, उत्तरेला ॲलमन नावाच्या छोट्या गावाजवळ आहेत. आमच्या घरापासून ते साधारण ४५ मैल. यातल्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलोय, म्हणून एकेक दावा घेतो.

‘साधा अँटेना एचडी पकडत नाही.’

एचडी अँटेना असा वेगळा प्रकारच नसतो. अँटेना म्हणजे मोजून कापलेल्या धातूच्या दांड्या. हवेतून येणारी लहर त्यात उतरते आणि वायरीतून टीव्हीकडे जाते. त्या लहरीत काय भरलंय, जुनं धूसर चित्र की एचडी, हे टीव्हीतला ट्यूनर, म्हणजे चॅनेल लावणारा भाग, बघतो. अमेरिकेतल्या मोठ्या स्टेशनांनी १२ जून २००९ पर्यंत ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं आणि सगळं डिजिटल झालं, पण लहरींचे पट्टे तेच राहिले: लांब लहरींचा व्हीएचएफ आणि आखूड लहरींचा यूएचएफ. म्हणून १९८० सालचा अँटेनाही आज एचडी देतो. खोक्यावरच्या ‘४के’ला तर अजिबात भुलू नका. आज नेहमीच्या प्रक्षेपणात सीबीएस आणि एनबीसी या नेटवर्कांचं चित्र १०८०आय असतं, एबीसी आणि फॉक्सचं ७२०पी, म्हणजे दोन्ही साधं एचडी, ४के नव्हेच.

आमच्या छपरावर आधीच्या मालकाने लावलेला जुना, लांबलचक, माशाच्या काट्यासारखा अँटेना होता. मी तो उतरवून टाकणार होतो. त्याआधी त्या मेसेजमधलाच चपटा, कागदासारखा अँटेना आणून दिवाणखान्याच्या खिडकीला चिकटवला. स्कॅन केल्यावर १७ नंबरचं फॉक्स आलं, इतर काही आली, पण सीबीएसचं ८ आणि एनबीसीचं १३ काही केल्या येईनात. आठवडाभर खिडक्या बदलल्या. शेवटी एका रविवारी शिडी लावून वर चढलो. जुन्या अँटेनाला ती चपटी दोनतारी वायर होती, उन्हाने चुरा झालेली. ती काढली, जुना अँटेना गोल केबलला जोडणारा अंगठ्याएवढा बॅलन बसवला, नवी आरजी-६ (टीव्हीची नेहमीची गोल) केबल खाली सोडली आणि पुन्हा स्कॅन लावला. ८ आणि १३ दोन्ही आली, स्वच्छ.

कारण समजलं तेव्हा फार सोपं वाटलं. डी मॉइनची ८ आणि १३ ही दोन्ही स्टेशनं डिजिटल झाल्यावरही व्हीएचएफवरच राहिली. त्या लहरी लांब असतात. त्यांच्यासाठी दांडी साधारण ७० ते ८० सेंटिमीटर लागते, यूएचएफला पाव मीटरच्या आसपास पुरते. खिडकीवरचा चपटा अँटेना जेमतेम ३० सेंटिमीटरचा. यूएचएफ त्याला जमतं. ४५ मैलांवरून आलेलं व्हीएचएफ त्याच्या आवाक्यात नसतं, त्यावर किंमत कितीही छापा. म्हणून खरेदीआधी एकच गोष्ट बघा: आपल्याला हवं असलेलं स्टेशन प्रत्यक्षात कोणत्या क्रमांकावर प्रक्षेपण करतं. पडद्यावरचा नंबर फसवू शकतो. पुष्कळ स्टेशनं जुना नंबर नावापुरता ठेवून भलत्याच क्रमांकावर गेली आहेत. २ ते १३ म्हणजे व्हीएचएफ, १४ ते ३६ म्हणजे यूएचएफ. एफसीसीच्या, म्हणजे प्रक्षेपणावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाच्या, नकाशावर किंवा रॅबिटइअर्स या वेबसाइटवर आपला पत्ता टाकला की खरा क्रमांक, दिशा, अंतर आणि सिग्नलचा अंदाज सगळं मिळतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि फुकट.

‘२०० मैल रेंज.’

या दाव्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो साध्या गणितात मोडतो. टीव्हीच्या लहरी बहुतांशी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. टॉवरची उंची फुटांत घ्या, दुप्पट करा, वर्गमूळ काढा: त्या टॉवरला किती मैलांपर्यंत ‘दिसतं’ याचा ढोबळ आकडा मिळतो. ॲलमनजवळचे टॉवर सुमारे २००० फुटांचे, म्हणजे देशातल्या सर्वात उंच टॉवरांच्या पंगतीतले. त्यांचं उत्तर ६३ मैल. तुमचा अँटेना जमिनीपासून ३० फुटांवर असेल तर त्याचे पावणेआठ. बेरीज सुमारे ७१ मैल, आणि तीही मध्ये टेकडी नाही असं धरून. सपाट जमिनीवर २०० मैलांवरून हेच घडायचं तर टॉवर १८,००० फुटांच्या वर जायला हवा. अलास्कातला डेनाली, अमेरिकेतला सर्वात उंच पर्वत, २०,३१० फुटांचा आहे.

क्षितिजापलीकडे थोडा सिग्नल झिरपतो, ७५-८० मैलांवरही चांगल्या अँटेनावर काम भागतं, हे खरं. उन्हाळ्यात काही रात्री हवेचे थर असे जुळून येतात की शेकडो मैलांवरचं स्टेशन अचानक लागतं. मला एकदा पहाटे ओमाहाची स्टेशनं दिसली होती. सूर्य वर आला तशी ती गेली. असल्या एका रात्रीवर कोणी खोक्यावर ‘२०० मैल’ छापत असेल तर ती सरळ फसवणूक आहे.

डोंगराळ भागात तर मैल मोजण्यालाच फारसा अर्थ नाही. टॉवर १५ मैलांवर आणि मध्ये एक डोंगर, की संपलं. तिथे गावासाठी डोंगरमाथ्यावर ट्रान्सलेटर, म्हणजे मूळ सिग्नल पकडून पुढे पाठवणारा छोटा टॉवर, बसवलेला आहे का ते पाहावं. देशाच्या पश्चिमेकडच्या कित्येक खोऱ्यांत लोक वर्षानुवर्षं त्यावरच टीव्ही पाहतात.

‘चॅनेल कमी आली तर ॲम्प्लिफायर लावा.’

ॲम्प्लिफायर आलेला सिग्नल मोठा करतो, न आलेला निर्माण करत नाही. शिवाय सिग्नलबरोबरची खरखरही तितकीच मोठी करतो. त्याचं खरं काम वेगळं आहे. लांब केबलमध्ये सिग्नल झिजतो, १०० फूट आरजी-६ मध्ये यूएचएफचा पाच-सहा डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचं माप) जातो, आणि एक केबल दोन टीव्हींना वाटली की आणखी साडेतीन. ती झीज भरून काढायला अँटेनाजवळच, म्हणजे वर खांबावर, चांगला प्रीॲम्प (खांबावर बसणारा ॲम्प्लिफायर) बसवावा. टीव्हीच्या मागे लावला तर झिजून आलेलाच सिग्नल तो मोठा करणार. टॉवर जवळ असेल तर ॲम्प्लिफायरने उलट बिघडतं, ट्यूनर गुदमरतो आणि होती ती चॅनेल्सही जातात. जवळ मोबाइल टॉवर असेल तर मोबाइलच्या लहरी अडवणारा एलटीई फिल्टर लावून पाहा. पूर्वी टीव्हीकडे असलेले ३७ च्या पुढचे क्रमांक आता मोबाइल कंपन्यांकडे आहेत, आणि जुने अँटेना तो पट्टाही इमानाने पकडतात.

इथे एक गोष्ट नवख्यांना गोंधळात टाकते. ॲनालॉगच्या काळात सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या यायच्या, तरी बातम्या कळायच्या. डिजिटलमध्ये चित्र एकतर पूर्ण दिसतं, नाहीतर चौकोन चौकोन होऊन गोठतं आणि मग काहीच नाही. त्यामुळे फेब्रुवारीत सुरेख चाललेला टीव्ही मे महिन्यात गप्प झाला तर टीव्ही बदलायला धावू नका. आमच्याकडे कुंपणालगतच्या कॉटनवुडला पालवी फुटली आणि १७ नंबर गेलं. यूएचएफच्या आखूड लहरी ओल्या पानांत शोषल्या जातात. खांब सहा फूट डावीकडे सरकवला, झाडाची कड चुकली, आणि ते परत आलं.

‘डिश कंपनीला मोठ्या शहरातला पत्ता द्या.’

असं करू नका. एक तर खोटा पत्ता देणं हा कराराचा भंग आहे. दुसरं, ते बहुतेकदा जमणारही नाही: लोकल चॅनेल्स उपग्रहावरून ठरावीक भागापुरत्या झोतातून पाठवतात, त्याबाहेरच्या घराला ती दिसतच नाहीत. आणि हे कंपनीच्या मर्जीवर नसतं. सारा देश २१० बाजारपेठांत वाटलेला आहे, त्यांना डीएमए म्हणतात. तुमची काउंटी ज्या डीएमएत, सहसा तिथलीच स्टेशनं डिश तुम्हाला देऊ शकते. उपग्रहावरून लोकल चॅनेल त्याच्याच गावात परत दाखवायची मुभा १९९९ च्या कायद्याने मिळाली. दूरच्या शहराचं चॅनेल घेण्याची जी सवलत १९८८ पासून होती, ती २०१९ च्या कायद्याने जवळपास संपवली. आता ती मुख्यतः प्रवासी गाड्या, ट्रक आणि ज्या बाजारपेठेत एखादं नेटवर्कच नाही अशांपुरती उरली आहे.

या वाटणीत खेड्यांवर अन्याय होतो, हे मी मोकळेपणाने म्हणेन. नैऋत्य कोलोरॅडोतला डुरँगोचा भाग न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या डीएमएत टाकलेला आहे, म्हणजे तिथल्या लोकांना डिशवर कित्येक वर्षं शेजारच्या राज्याच्या निवडणुकीच्या बातम्या दिसत. त्यावर दाद मागायला हवी, आणि लोक मागतातही. खोटा पत्ता हा त्यावरचा उपाय नव्हे. अँटेनाला मात्र काउंटीची सीमा कळत नाही. दोन डीएमएंच्या मधोमध राहणाऱ्याला दोन्हीकडची स्टेशनं मिळू शकतात, आणि ती पूर्ण कायदेशीर.

‘घरमालक संघटना अँटेना लावू देत नाही’ असंही याला जोडून सांगितलं जातं. स्वतःच्या घरावर लोकल टीव्हीचा अँटेना लावण्याचा हक्क एफसीसीच्या १९९६ च्या नियमाने दिलेला आहे. संघटना तो नुसत्या दिसण्यावरून नाकारू शकत नाही.

‘जुने अँटेना भंगारात जाणार.’

नव्या पद्धतीला नेक्स्टजेन टीव्ही म्हणतात. एफसीसीने २०१७ मध्ये तिला परवानगी दिली. तीही याच पट्ट्यांवरून येते, अँटेना तोच चालतो. ट्यूनर मात्र नवा लागतो, आणि काही स्टेशनं त्या प्रक्षेपणावर कुलूप (एन्क्रिप्शन) घालतायत, ही खरी तक्रार आहे. ती स्टेशनांविरुद्ध करायची. अँटेना भंगारात टाकून काय मिळणार?

‘डिश केव्हाही जास्त भरवशाची.’

चित्राच्या दर्जाबद्दल वाद होऊ शकतो. स्टेशनला एका क्रमांकावर माहिती पाठवायला सेकंदाला १९.३९ मेगाबिट मिळतात, आणि काही स्टेशनं त्यात पाच-सहा उपचॅनेल्स कोंबतात, तेव्हा मुख्य चित्रही ढासळतं. डिश तेच चित्र पुन्हा दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवते. माझ्या डोळ्यांना बहुतेक वेळा अँटेनाचं जास्त चांगलं दिसतं, फुटबॉलच्या सामन्यात तर हमखास. दर काही वर्षांनी स्टेशन आणि डिश कंपनीचा पैशांवरून तंटा होतो आणि डिशवरून एखादं लोकल चॅनेल आठवडेच्या आठवडे गायब होतं. अँटेनावर ते चालूच असतं.

पण भरवसा म्हटलं की मला हवामान आठवतं. इथे लोकल चॅनेल लागतं ते त्यासाठी. १० ऑगस्ट २०२० ला आयोवातून डेरेचो, म्हणजे लांबच लांब पट्ट्यात सरळ धावणारं वादळ, गेलं तेव्हा सीडर रॅपिड्ससारख्या शहरांत वीज आणि मोबाइल दोन्ही कोलमडले होते. डिशच्या लहरी फार आखूड असतात, मुसळधार पावसात त्या वाटेतच विरतात. टीव्ही टॉवरच्या लहरींना पावसाने जवळपास काहीच होत नाही. म्हणजे वादळ अगदी डोक्यावर असतं, तेव्हाच डिश जाते.

आमच्याकडे दोन्ही होतं. एका जून महिन्यात संध्याकाळी सातच्या सुमारास गावाचा भोंगा वाजला. आकाश हिरवट झालं होतं. बायको मुलांना घेऊन तळघरात उतरली. वरच्या मोठ्या टीव्हीवर ‘सिग्नल शोधत आहे’ एवढीच पाटी. तळघरात जुना छोटा टीव्ही होता, छपरावरच्या अँटेनाची केबल मी तिथपर्यंत नेली होती. तो लावला. ८ नंबरवर हवामान सांगणारा माणूस कोट काढून, बाह्या दुमडून नकाशासमोर उभा होता आणि एकेका रस्त्याचं नाव घेत होता: वादळ कोणत्या रस्त्याला किती वाजता पोचेल. आमचा रस्ता त्याने सात वाजून चौदा मिनिटांचा सांगितला. मग नकाशावरचा लाल डाग उत्तरेकडे वळला, आणि त्याने आमचं नाव यादीतून काढलं. मुलं तोवर जिन्याखाली बसून होती. साडेसातला आम्ही वर आलो. डिशवर अजून तीच पाटी होती.