साध्या टपालाला उशीर होत नसतो

पोस्टाच्या लाल पेटीवर चहाचा ग्लास ठेवायचा नाही, हा आमच्या कट्ट्यावरचा एकमेव नियम, आणि तो आप्पांचा. आप्पा आरएमएसमधून, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमधून, सॉर्टर म्हणून निवृत्त झाले. चालत्या गाडीच्या डब्यात उभं राहून रात्र रात्र पत्रं खणांत टाकलेला माणूस. अजूनही पत्ते वाटताना मनगटाला तोच झटका. त्या दिवशी मिलिंदने आल्या आल्या ग्लास पेटीवर आपटला, तेव्हाच कळलं की आज काहीतरी बिनसलंय.

"दार बंद!" मिलिंद ओरडला. "बघा काय लिहिलंय. दार बंद. मंगळवार, अकरा बावन्न. घरात मी, बायको, सासूबाई आणि टाइल्स बसवणारे दोघे. दार बंद कसं असेल? दार काढून ठेवलं होतं, पॉलिशला!"

स्पीड पोस्टाने यायचं चेकबुक. मोबाइल सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवून झाला.

"ग्लास उचल," आप्पा म्हणाले.

मिलिंद पुण्याला एका कारखान्यात क्वालिटीत होता. व्हीआरएस घेऊन गावी परतला आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येक गोष्टीचं ऑडिट करतो. विसर्जन मिरवणूक कुठल्या चौकात किती मिनिटं रेंगाळते याचा त्याने तक्ता करून मंडळाला दिला होता. पुढच्या वर्षी मंडळ त्याच्याकडे वर्गणी मागायलाही फिरकलं नाही.

"पोस्टात जाऊन घेऊन ये की," मी म्हटलं.

"मी का जाऊ? डिलिव्हरीचे पैसे दिलेत. त्यांनी आणायचं. सिस्टिमच नाही राव यांच्याकडे. सगळं खासगी करून टाका. कुरिअरवाल्याला बघा..."

"कुरिअरवाल्याला बघायला मला एसटी स्टँडवर जावं लागतं," शुभदाताई म्हणाल्या. शुभदाताई वाचनालय चालवतात; संध्याकाळी कुलूप लावून घरी जाताना स्कूटी थांबवून एक कटिंग घेतात. "फोन येतो, मॅडम स्टँडसमोर या, तुमच्या साइडला येत नाही. आणि माझ्या माहेरच्या वाडीवर तर फोनही येत नाही. तिथं पोस्टच येतं."

"तिथं कोण येतं सांगू?" आप्पा सरसावले. "ग्रामीण डाक सेवक. चार-पाच तासांच्या कामाचा मोबदला आणि वाड्या तालुकाभर. खातं त्याला सेवक म्हणतं. कर्मचारी म्हटलं की पेन्शन द्यावी लागते. देशात दीड लाखावर पोस्टं आहेत, त्यातली दहातली नऊ खेड्यांत. मिलिंद, तुझा खासगीवाला त्यातली किती घेईल? पुण्यातली घेईल. वाडीवरची म्हणेल, मॅडम स्टँडसमोर या."

मिलिंदचं म्हणणं की हा भावनिक मुद्दा झाला, आकडे दाखवा. आकडे म्हटल्यावर वकीलसाहेब जागे झाले. त्यांचं दुखणं वेगळंच.

"माझं निम्मं आयुष्य 'रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह' या शब्दांवर गेलं. आता २०२५ पासून रजिस्टर स्पीड पोस्टात विलीन. ऑक्टोबरपासून दर नवे. पन्नास ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये, बाहेर ४७, रजिस्ट्रेशनचे वर ५, जीएसटी वेगळा. भाडेकरूला नोटीस काढायची तर आधी अशिलाला खर्चाची नोटीस काढावी लागते."

"पण लवकर पोचतं ना?" मिलिंद.

"मला लवकर कुठं पाहिजे होतं? मला पोचल्याचा कागद पाहिजे होता."

आप्पांनी या वाक्यावर वकिलांच्या पाठीवर थाप मारली, जी वर्षातून एखाद्याच्याच वाट्याला येते. "रजिस्टर हळू जायचं, कारण ते हातोहात जायचं. प्रत्येक हाताची सही. वेळ लागायचा, पण कुठल्या हातात अडकलं ते सापडायचं."

"आता ट्रॅकिंग आहे की!"

"ट्रॅकिंगने तुझं चेकबुक सापडलं? ट्रॅकिंगने तुला एवढंच कळवलं, की तू घरी नव्हतास."

यावर जो हशा झाला त्यात टपरीवाला बाळ्याही सामील झाला. मिलिंदचे कान लाल झाले. तो म्हणाला, तुम्ही लोक खात्याची बाजू घेणारच. आप्पांना हेच नको असतं. "बाजू कसली? तो 'दार बंद' खोटाच आहे. पण का मारला ते विचार. आपल्याकडं पोस्टमनची बीटं, म्हणजे वाटपाचे भाग, चार होती, आता दोन. मधल्या काळात गाव नदी ओलांडून पलीकडं गेलं. एक पोस्टमन रजेवर गेला की दुसऱ्याच्या पिशवीत आख्खं गाव. संध्याकाळी परत आल्यावर बारकोडच्या प्रत्येक नगाचं काय झालं ते मोबाइलात दाखवावं लागतं. दिलं, नाकारलं, दार बंद, पत्ता अपुरा. 'तुमच्या गल्लीपर्यंत पोचलोच नाही' असं बटण त्यात नाही. मग माणूस काय दाबेल?"

तुझं दार बंद नव्हतं, त्याचा दिवस बंद झाला होता, असं मी म्हणणार होतो. पण ते आप्पांच्या तोंडी जास्त शोभलं असतं म्हणून गप्प बसलो.

"मग मोजूया," मिलिंद म्हणाला. "नुसत्या गप्पा नकोत. पाच कार्डं, एकाच पेटीत, एकाच वेळी. प्रत्येकाने स्वतःच्या पत्त्यावर टाकायचं. किती दिवसांत येतं ते बघू."

"याला टेस्ट लेटर म्हणतात," आप्पा म्हणाले. "आमचे इन्स्पेक्टर टाकायचे. तुझ्या जन्माआधीपासून."

कल्पना आपली नाही हे ऐकून मिलिंद जरा खट्टू झाला, तरी तक्त्याचे रकाने त्याने तिथंच आखले. कार्डं शुभदाताईंच्या पर्समध्ये निघाली. पुस्तक परत न करणाऱ्यांना त्या अजून पोस्टकार्डच टाकतात. पन्नास पैशांत घरच्या सगळ्यांना कळतं की यांनी पुस्तक दाबलंय. व्हॉट्सअॅपवर ती सोय नाही.

कार्डं लिहिताना जुनं उकरलं जाणारच होतं. मिलिंद माझ्याकडे पेन रोखून म्हणाला, "याच्यावर विश्वास नको. याला माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा पोचली नव्हती म्हणे. समोरच्या घरात पोचली, याच्या घरात नाही."

"नाही पोचली," मी म्हटलं. तीस वर्षं हेच म्हणतोय.

(पत्रिका पोचली होती, लग्नाच्या चांगली तीन आठवडे आधी. पण ९ मार्च १९९६, गोरज मुहूर्त, आणि बंगलोरला वर्ल्ड कपची भारत-पाकिस्तान क्वार्टर फायनल. अजय जडेजाने वकारला धुतला तेव्हा मिलिंदच्या अंगावर अक्षता पडत होत्या. मिलिंद हे वाचणार नाही, तो फक्त तक्ते वाचतो.)

आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "अर्ध्या महाराष्ट्राची तोंडं पोस्टाने वाचवलीत. पत्र मिळालं नाही, पत्ता चुकला असेल, मनिऑर्डर केली होती पण वाटेत गेली. या सगळ्या थापांची बिलं आमच्या नावावर. पोस्ट वेळेवर पोचायला लागलं तर निम्मी नाती तुटतील."

"पण तुमच्या वेळीही उशीर व्हायचाच की!"

"व्हायचा. पण तो कुणाचा ते ठरलेलं असायचं. गाडीच्या डब्याला पेटी असायची. स्टेशनात येऊन शेवटच्या मिनिटाला पत्र टाकायचं तर जादा तिकीट लावायचं. लेट फी. उशीर करणारा पैसे भरायचा. आता उशीर आम्ही करतो आणि पैसे तूच भरतोस."

पाचही कार्डं पेटीत पडली. वकिलांनी पेटीच्या फटीतून आत डोकावून 'साक्षीदार आहेत ना' असं विचारलं.

पुढच्या आठवड्यात निकाल. आप्पांचं तिसऱ्या दिवशी, वकिलांचं तिसऱ्या दिवशी, माझं चौथ्या. शुभदाताईंचं पाचव्या. मिलिंदचं आलंच नाही. मिलिंद इतका खूश झालेला मी त्याच्या मुलाच्या बारावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. "वीस टक्के फेल्युअर!"

"कार्डावरचा शिक्का वाच," आप्पांनी स्वतःचं कार्ड पुढे केलं.

सगळ्यांनी वाचून पाहिला. काळा गोल होता आणि गोलात काळंच होतं. तारीख होती का, तर असावी. वकिलांनी चष्मा काढून पाहिला, घालून पाहिला.

"आधी दोन शिक्के असायचे. टाकलेल्या पोस्टाचा एक, बटवड्याच्या पोस्टाचा दुसरा, दोन्ही वाचता येणारे. उशीर झाला तर कार्ड हातात घेऊन भांडता यायचं. आता जे मोजायचं ते बारकोडवालं. तेवढ्याचाच आकडा वर जातो, वरून विचारणा तेवढ्याचीच होते. साधं टपाल कधी निघालं हेच कुठं लिहिलेलं नाही. त्यामुळं साध्या टपालाला उशीर होत नसतो. ते फक्त कधीतरी येतं."

माझ्या मते त्या आठवड्यातलं हेच एक वाक्य वहीत उतरवण्यासारखं होतं. मिलिंदच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

"माझे दिवाळी अंक असेच कधीतरी येतात," शुभदाताई म्हणाल्या. "एक तुळशीच्या लग्नाला आला, दोन देवदिवाळीला. वाचक फराळ पचवून आंब्याची वाट बघायला लागले तरी अंक येतायत. आणि पुस्तकांचं तर विचारूच नका. रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये गुपचूप बंद केलं. ओरड झाली तेव्हा मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आणलं. तीनशे ग्रॅमला २० रुपये, पाच किलोला १००. चांगलंय, मी वापरते. पण नियतकालिकांना ते नाही. म्हणजे ज्ञान चालतं, दिवाळी चालत नाही."

"भरपाई मागा," मिलिंद.

वकील हसले. इतकं खाजगी हसणं मी कोर्टाबाहेर पाहिलं नव्हतं. "१८९८ च्या कायद्यात कलम सहा होतं. हरवलं, उशीर झाला, भलतीकडं गेलं, तरी सरकार जबाबदार नाही, नियमात असेल तेवढं सोडून. तो कायदा रद्द झाला. नवा २०२३ चा, लागू झाला जून २०२४ ला. त्यात कलम दहा बघ. इंग्रज गेले, कायदा गेला, सहाचे दहा झाले."

"आणि तुझ्या कार्डावर पिन होता का?" आप्पांनी मिलिंदला मध्येच धरलं.

"गावातल्या गावात पिन कशाला?"

"पत्ता काय लिहिलास?"

मिलिंदने तो अभिमानाने म्हणून दाखवला. द रिव्हर क्रेस्ट, फेज टू, विंग सी, ऑफ बायपास. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या जागेला सगळं गाव पवारांचा मळा म्हणतं. 'रिव्हर क्रेस्ट' फक्त बिल्डरच्या पाटीवर आणि मिलिंदच्या व्हॉट्सअॅपवर आहे.

आप्पांनी कपाळाला हात लावला. "श्रीराम भिकाजी वेलणकर. पोस्टातला मराठी माणूस. संस्कृतात कविता, संस्कृतात नाटकं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला तो त्यांच्या डोक्यातून. त्यांनी आख्ख्या देशाचा पत्ता सहा आकड्यांत बसवला, आणि तुझ्या सोसायटीचं नुसतं नाव लिहायला दोन ओळी लागतात!"

मिलिंद 'युझर एरर' आणि 'सिस्टिम एरर' यांतला फरक समजावून सांगू लागला. रूट कॉज हा शब्द तीनदा आला. तेवढ्यात बाळ्याने साखरेच्या डब्याखालून काहीतरी ओढलं.

"कार्ड म्हंजे ह्ये का, मिलिंददादा?"

तेच होतं. एका कोपऱ्याला चहाचा गोल, दुसऱ्याला तूप. बाळ्याने सरळ सांगून टाकलं. पोस्टमन बुधवारीच देऊन गेला होता. म्हणजे तिसऱ्याच दिवशी. "पत्त्याचा काय मेळ बसंना त्येला. पण नाव वळखीचं. म्हणला, ही मानसं रोज हितंच बसत्यात, दे."

वकिलांनी कार्ड घेऊन मोठ्याने वाचलं. मिलिंदच्या सुबक अक्षरात: 'नमुना क्रमांक ५. प्राप्त होताच वेळ नोंदवावी.' त्याखाली बाळ्याच्या अक्षरात बुधवार, सहा दहा, चहा दोन. गुरुवार, सहा पाच, चहा एक, क्रीमरोल एक. शुक्रवार, पावणेसात, चहा तीन, वकिलांचा धरून. खाली मागली बाकी मिळवून बेरीज, तीनशे चाळीस.

"ह्ये काय रे?"

"लिवलं हुतं न्हवं, वेळ नोंदवा म्हणून? म्या नोंदवली."

आप्पा हसता हसता खोकायला लागले, त्यांना पाणी द्यावं लागलं. शुभदाताई स्कूटीचा आधार घेऊन उभ्या. मिलिंद अजून लढत होता. टपरीवर दिलेलं पत्र म्हणजे बटवडा नव्हे, पत्त्यावर दिलं पाहिजे, ही नोंद फेल्युअरमध्येच जाणार. वकील म्हणाले, जनरल क्लॉजेस अॅक्ट १८९७, कलम सत्तावीस. बरोबर पत्ता घालून, तिकीट लावून, रजिस्टरने पाठवलं असेल तर पोचलं असं धरतात. तुझ्यात रजिस्टर नाही, पत्ता बरोबर नाही, म्हणजे कायद्याने पोचलेलं नाही. पण उधारी पोचली.

"आणि चेकबुकाचं काय झालं?" मला अचानक आठवलं.

मिलिंद पुटपुटला. सात दिवस पोस्टात पडून परत गेलं होतं. हा आणायला गेला नाही.

बाळ्याने कार्ड पुसून पुन्हा डब्याखाली सरकवलं. "घाई न्हाई दादा. चेक दिला तरी चालंल."