गणपती दीड दिवसाचा, पत्ता सात दिवसांचा

मुंबईत डोक्यावर छप्पर मिळवायचे, तर दलाल, अनामत रक्कम, पोलीस पडताळणी आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची उलटतपासणी इतक्या दिव्यांतून जावे लागते, आणि एवढे करून हाती पडतो तो ११ महिन्यांचा करार. घरच्या वायफायवर मात्र कोणीही उपरा फोन शिरतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्याला स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला घरक्रमांक, मिळतो. या दानशूर व्यवस्थेचे नाव डीएचसीपी. तिचे नियम प्रथम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९७ मध्ये सुधारून निघाले.

सगळा व्यवहार चार वाक्यांत आटोपतो. नवा फोन, स्वतःला पत्ताच नसल्यामुळे, ०.०.०.० असे लावून २५५.२५५.२५५.२५५ वर, म्हणजे साऱ्या घराला ऐकू जाईल अशी हाक मारतो, “इथे पत्ते कोण देते?” राउटर म्हणतो, “१९२.१६८.१.१०४ रिकामा आहे, चालेल?” फोन म्हणतो, “चालेल, तोच द्या.” राउटर म्हणतो, “दिला,” आणि सोबत मुदतही सांगतो. माझे हाल झाले ते या मुदतीपायी.

मुलुंडला आमच्या घरी गणपती दीड दिवसाचा असतो. दर्शनाला आलेले आप्तेष्ट चप्पल काढता काढताच “पासवर्ड काय रे?” असे विचारतात; देवाला नमस्कार त्यानंतर होतो. विसर्जन झाले, पाहुणे पांगले, आणि बरेच दिवस दुरुस्तीला गेलेला माझा लॉपटॉप ऐन मीटिंगच्या सकाळी घरी परतला. गैरहजेरीत त्याच्या जुन्या पत्त्याची मुदत संपली होती आणि राउटरने ती जागा दुसऱ्याला देऊन टाकली होती. वायफाय जोडलेले दिसत होते, पण लॉपटॉपवर पत्ता होता १६९.२५४ ने सुरू होणारा. मागूनही कोणी पत्ता दिला नाही, की यंत्र असला पत्ता स्वतःच स्वतःला बहाल करते. त्यावर इंटरनेट मात्र मिळत नाही. ग्राहकसेवेतील तरुणाने अत्यंत अदबीने राउटर बंद करून चालू करण्यास सांगितले. घरगुती राउटरला पुष्कळदा या उपायाने जुन्या भाडेकरूंचा विसर पडतो, म्हणून तो लागू पडतो. आमच्या राउटरची स्मरणशक्ती दुर्दैवाने उत्तम निघाली.

शेवटी शेजारचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी धावून आला. त्याने राउटरचे पान उघडून यादी माझ्यापुढे धरली. “काका, जोडणी करून गेलेल्या माणसाने शेवटचा आकडा १०० ते ११९ असलेले एवढेच पत्ते वाटायला ठेवलेत आणि मुदत दिलीय सात दिवसांची. सगळे गेलेत.” कोणाला गेले, तेही तिथेच लिहिलेले होते. १०७ वर मावशींचा फोन होता आणि त्या तर केव्हाच डोंबिवलीला पोहोचल्या होत्या. १११ ते ११३ हे सलग तीन पत्ते मेव्हण्याचे होते. फोन, टॅब आणि मनगटावरचे घड्याळ. निघताना पत्ता परत करण्याचा संदेश नियमांत आहे, पण वायफायच्या टप्प्याबाहेर गेलेले फोन बहुधा तो पाठवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. भाडेकरू किल्ली खिशात घालून गावी निघून जावा, तसा प्रकार. बाप्पांचे विसर्जन झाले, पाहुण्यांच्या पत्त्यांचे होईना.

त्याने मुदत दोन तासांवर आणली. घरात हजर असलेल्यांना त्याचा काही जाच नाही, कारण अर्धी मुदत सरताच फोन आपणहून नूतनीकरण मागतो आणि राउटर मुकाट्याने ते देतो. मग त्याने पत्त्यांची मर्यादा २० ते २५० अशी रुंदावली. मीटिंगचा उत्तरार्ध मला लाभला. तो न लाभता तरी चालले असते.

संध्याकाळी प्रिंटर रुसला. त्याला कोणीतरी पूर्वी १९२.१६८.१.५० हा पत्ता हाताने कायमचा घालून दिला होता. तो आमच्या घरातला पागडीवाला. पत्ता देण्यापूर्वी तिथे कोणी राहते का, अशी विचारणा साधारणपणे होते, पण प्रिंटर बंद असल्याने त्याने ओ दिली नसावी आणि राउटरने ती जागा टीव्हीला देऊन टाकली. प्रिंटर जागा झाला आणि एकाच पत्त्यावर दोन दावेदार उभे राहिले. छपाईही होईना आणि बातम्याही धड दिसेनात. शेजारच्या मुलाने प्रिंटरच्या नावाने ५० क्रमांक राखून ठेवला आणि टीव्हीला दुसरीकडे हलवले. कागद अजूनही अडकतो, परंतु त्याचा डीएचसीपीशी काडीचाही संबंध नसल्याचे त्याने मला निघताना बजावून सांगितले आहे.