माझी सुट्टी आणि हिरवी शाई

आमच्या सुट्टीचा मार्ग गेल्या मंगळवारी नौपाड्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात ठरला. ठरवला मी नाही. मी नुसती रांगेत तिसरी होते.

लग्नाला पंचवीस वर्षं होतायत म्हणून इंग्लंडात आठवडाभर बोट भाड्याने घेऊन कालव्यावर राहायचं, अशी माझी कल्पना. नॅरोबोट म्हणतात तिला. रुंदी जेमतेम सात फूट, लांबी चाळीच्या गॅलरीएवढी. आत गॅस, बिछाना, सगळं. चालवायची आपणच, लायसन्स लागत नाही. सहा महिने रात्री ओटा आवरून मी नकाशे बघत बसले आणि शेवटी 'फोर काउंटीज रिंग' पक्का केला: चार परगण्यांतून गोल फिरून निघालो तिथेच परत. फोटोत विटांचे कमानदार पूल, काठाला गाई, पाण्यावर वाकलेली झाडं. ह्यांनी त्यातला एक फोटो धड पाहिला नाही. "तू ठरव गं, मला काय कळतंय," म्हणाले आणि बातम्या लावल्या.

तर व्हिसाच्या कागदांबरोबर मार्गाचेही प्रिंट काढत होते. मशीनमधून नकाशा बाहेर आला आणि मागून आवाज आला, "कुठला कालवा हा?"

उंच, वाळलेले गृहस्थ. पांढरा बुशशर्ट, खिशाला तीन पेनं, हातातल्या कापडी पिशवीतून दुधीचं टोक बाहेर. पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला आले होते.

"इंग्लंडातला," मी म्हटलं. बोलणं संपावं अशा आवाजात.

"उजवा की डावा?"

ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त उपअभियंता निघाले. आपल्याकडे कालवा म्हणजे धरणाचा उजवा नाहीतर डावा, त्याला तिसरी बाजू नसते. मी म्हटलं, "गोल आहे."

"गोल?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "गोल कालव्यातलं पाणी जाणार कुठं? भिजवतो काय तो?"

"काही भिजवत नाही. मालवाहतुकीसाठी खणलेले आहेत."

खरं म्हणजे मी इथेच थांबायला हवं होतं. पण सहा महिने ऐकायला कुणी नसलं की माणूस झेरॉक्सच्या रांगेतही सुटतो. मी सांगत गेले. अठराव्या शतकापासून कोळसा आणि चिनीमाती वाहायला इंग्रजांनी हे कालवे खणले, पुढे रेल्वे आली आणि बोटींचा धंदा बसला, आता लोक तिथे सुट्टीला जातात. आपल्याला त्यांनी मधली पायरी गाळून थेट रेल्वेच दिली. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर. त्यामुळे आपल्या वाट्याला कालव्यावरचा आराम आला नाही, आठ अठराची लोकल आली.

"काकू, हे पण रंगीतच ना?" दुकानातल्या पोराने विचारलं. काकू. त्याच्यापेक्षा फार तर तीस वर्षांनी मोठी असेन.

"बरं, चढावर काय करतात?" उपअभियंता नकाशा स्वतःकडे फिरवत म्हणाले.

मी लॉक समजावला. पाण्याची उभी पेटी, दोन्ही टोकांना फाटकं. बोट आत घ्यायची, खालचं फाटक लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं, पेटी भरली की बोट वर.

"आणि ते सोडतो कोण?"

"आपणच. विंडलास म्हणून लोखंडी किल्ली देतात, ती फिरवायची."

"म्हणजे पाटकरी!" त्यांचा चेहरा उजळला. "अहो ताई, आमच्या खात्यात पाटकऱ्याला पगार होता. तुम्ही पदरचे पैसे देऊन चाललात!"

रांग हसली. हसणाऱ्यांत आधार कार्ड लॅमिनेट करायला आलेल्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा केरळात अलेप्पीच्या हाउसबोटीवर जा. तिथे जेवणपण तेच करून वाढतात."

"फाटकं किती?"

"94 लॉक आहेत."

"लांबी?"

"110 मैल."

वेळेचा हिशोब त्या प्रिंटवरच छापलेला होता: मैल अधिक लॉक, भागिले तीन, म्हणजे तास. मी तो वाचलाही होता. पण गाईंच्या फोटोखाली भागाकार कोण करतं? त्यांनी केला. खिशातून हिरव्या शाईचं पेन काढलं, निवृत्त झाले तरी हिरव्याच शाईचं, आणि माझ्या दहा रुपयांच्या रंगीत पानावर, बरोबर गाईच्या पाठीवर, मांडलं: 204 भागिले 3, 68 तास. भागिले सात दिवस.

"रोजचे पावणेदहा तास. ड्युटीच की ही! ओव्हरटाइम आहे का? आणि बरोबर कोण?"

"मिस्टर."

"तब्येत?"

"गुडघा दुखतो थोडा."

त्यांनी गाईखाली 'गुडघा' असं लिहून अधोरेखित केलं.

इथवर मी सहन केलं. पण मग त्यांनी नेमका तो प्रश्न विचारला, आणि तोही तीस वर्षं साइटवर ओरडून कमावलेल्या आवाजात. "बोटीवरचं मैलापाणी कुठं सोडतात?"

मी हळू सांगितलं. काही बोटींना टाकी असते, ती ठरलेल्या ठिकाणी पंपाने उपसून घेतात. काहींना कॅसेट असते.

"गाण्याची?"

"नाही. डबा. भरला की… नेऊन ओतायचा."

"कुणी?"

मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तरी फरक पडला नसता. आधारवाल्या बाईंनी पदर नाकाला लावला होता, आणि पोराने मशीन थांबवलं होतं.

"डबा घेऊन," उपअभियंता रांगेला उद्देशून म्हणाले, "लंडनला."

लंडनला नाही, हे सांगायचंही त्राण उरलं नव्हतं. मी कागद गोळा करायला लागले, तर त्यांच्या हातात खालचं पान आलं. लँगॉलन कालव्याचं. वेल्समध्ये जाणारा हा मार्ग मी आधी बाद केला होता, जायचं त्याच वाटेने परत यावं लागतं म्हणून. व्हिसावाल्यांना पर्याय दिसावा, एवढ्यासाठी ठेवला होता.

पानावर पॉन्टकसल्टेचा, म्हणजे कालवा नदीवरून नेणाऱ्या पुलाचा, फोटो होता. ते बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "जलसेतू आहे."

"हो. 1805 सालचा. 18 खांब, खाली डी नदी. लांबी 307 मीटर, उंची 38."

"ओतीव लोखंडाची द्रोणी…" त्यांनी बोटाने फोटोवरची कड चाचपली. "ह्या बाजूला कठडा नाही?"

"नाही. पायवाट पलीकडे आहे, कठडा तिकडेच."

"साफ कसा करतात?"

"तळाला मध्यावर बूच आहे. ते काढलं की पाणी नदीत."

"बूच!" हा माणूस, शपथेवर सांगते, गहिवरला. मुठा उजवा कालवा 2018 साली भर पुण्यात फुटला, त्याबद्दल ते दहा मिनिटं बोलले, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान हलवून "आणि इथं बूच" म्हणाले. लँगॉलन कालव्याला नदीचं पाणी येतं आणि ते पुढे पिण्यासाठी जातं, म्हणूनच तो बुजवला गेला नाही, हे मी सांगितलं मात्र, त्यांनी टेबलावर थाप मारली. "मग ही पाणीपुरवठा योजना आहे! हिच्यावर जा." आणि हिरवी रेघ ओढली: एल्समियर ते लँगॉलन. जाताना लॉक फक्त 2. "प्रवाहाविरुद्ध चाललाय, जाताना वेळ जास्त धरा."

मी म्हटलं, शेवटी कालवा इतका अरुंद होतो की एकच बोट मावते, एकाने पुढे चालत जाऊन समोरून कुणी येत नाही ना बघावं लागतं.

"ते मिस्टरांना द्या काम. गुडघा मोकळा होईल."

घरी आले. कागद टेबलावर टाकले आणि कपडे बदलायला गेले. बाहेर येते तो ह्यांनी बातम्या बंद केलेल्या, चष्मा लावलेला, हातात हिरव्या रेघेचं पान.

"हे बरंय," म्हणाले. "दोनच लॉक. कुणी काढून दिलं? माणूस जाणकार दिसतो."

दोन मिनिटं लागली त्यांना. मी सहा महिने नकाशा त्यांच्या ताटाशेजारी ठेवत होते, त्याच्यावर आमटी सांडायची.

बोट ठरली आहे, एल्समियरहूनच. राग त्याचा नाही. 94 लॉक आम्हाला झेपले नसते, हे मलाही समजतं. पण त्या दिवशी दुकानातून पैसे देऊन निघताना पोराने एक पान जास्त लावलं होतं. विचारलं तर म्हणाला, "ते पुलाचं, दुसरी प्रत मोठे काका घेऊन गेले. नातवाला दाखवतो म्हणाले. तुमच्याबरोबरचेच आहेत ना?"

फाइलमध्ये ते पान हिरव्या रेघेशिवाय हवंच होतं. ते मी गोखले रोडच्या दुकानात जाऊन काढलं. तिथे रंगीत प्रिंट पाच रुपयांनी महाग आहे आणि बसायला स्टूल नाही, त्यामुळे रांगेत कुणी थांबत नाही.